बॅटरी की डायनामो? गाडीच्या चार्जिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना रोज तेच प्रश्न कानावर येतात. गाडी खानापूर-जांबोटीकडची असो, निपाणी-संकेश्वरकडची असो, नाहीतर अथणीहून आलेली असो, माणूस शटरजवळ गाडी लावतो आणि म्हणतो, "बॅटरी गेलीय, नवी टाका." पुष्कळदा ती बॅटरी धडधाकट असते. नव्या बॅटरीला काही हजार रुपये जातात, मोजायला पाच मिनिटं आणि काहीशे रुपयांचा मल्टिमीटर लागतो. म्हणून इथली उत्तरं मोजण्यापासून सुरू होतात.

सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. बॅटरी गेली की डायनामो?

डायनामो म्हणजे आताच्या गाडीतला अल्टरनेटर. आपल्याकडे जुनंच नाव चालतं, मीही तेच वापरतो. दोघांची कामं वेगळी आहेत. बॅटरी इंजिन सुरू करून देते. इंजिन सुरू झालं की गाडीचा सगळा विजेचा भार डायनामो उचलतो आणि सेल्फला (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला) खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरतो. त्याने भरायचं सोडलं की बॅटरी एकटी पडते, थोडं अंतर ओढते आणि बसते. दोष डायनामोचा, नाव मात्र बॅटरीचं होतं.

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा आणि किल्ली न लावता मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, काळं मायनसच्या खुंटीवर टेकवा. तारेच्या क्लॅम्पवर नको, खुंटीवरच. का ते पुढे येईल. 12.6 आलं तर बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12 ला पावच उरली, आणि 11.8 च्या खाली रिकामी समजा.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. 9.6 च्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर आहे. आधी 12.6 दाखवून सेल्फला इतका घसरला, तर ती आतून थकलीय, चार्ज करून भागायचं नाही.

इंजिन सुरू झालं की आकडा वर चढला पाहिजे. बहुतेक गाड्यांत तो 13.8 ते 14.5 च्या दरम्यान थांबतो. मग हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा डिफॉगर लावून थोडी रेस द्या. तरी 13.5 च्या वर राहिला तर डायनामो चांगला आहे. इंजिन चालू असून आकडा 12.4, 12.3, 12.2 असा उतरायला लागला तर चार्जिंग बंद आहे, आणि अशा गाडीत कितीही नवी बॅटरी टाकली तरी ती बसणारच.

मीटर नाही आणि रस्त्यातच अडकलोय. अंदाज कसा घ्यायचा?

कान द्या. किल्ली फिरवल्यावर भराभर टकटकटक आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तेव्हा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. हाताने क्लॅम्प हलवून बघा, हलत असेल तर तिथेच सापडलं. एकच मोठा टक आणि दिवे तसेच लख्ख असतील तर संशय सेल्फवर घ्या. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर मुख्य फ्यूज किंवा टर्मिनल. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे ना तेही बघा. याच कारणासाठी लोकांनी गाड्या टोचन करून आणल्या आहेत.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला. थांबू की जाऊ?

सगळ्यात आधी टेंपरेचरचा काटा बघा. दिव्याबरोबर काटाही चढत असेल, स्टिअरिंग अचानक जड झालं असेल, तर डायनामो फिरवणारा बेल्ट तुटलाय. कित्येक गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा, नाहीतर विजेचं छोटं काम हेड गॅस्केटपर्यंत जातं.

काटा जागेवर असेल, स्टिअरिंग हलकं असेल, तर गाडी बॅटरीवर चालू आहे आणि तुमच्या हातात थोडाच वेळ आहे. एसी, टेप, डिफॉगर, मोबाइलचा चार्जर बंद करा. इंजिन मात्र बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही. किती जाईल? इंधनाचा पंप, इग्निशन, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) आणि हेडलाइट मिळून पंधरा-वीस अँपिअर तर जातातच. 45 अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी कागदावर दोन-तीन तास पुरते. प्रत्यक्षात व्होल्टेज त्याच्या आधीच इतकं उतरतं की इंजिन अडखळायला लागतं, आणि बॅटरी भरलेली असेलच असंही नाही. मी अर्धा तास धरतो.

त्यामुळे चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीच्या अलीकडे दिवा लागला तर घाट उतरायचा नाही, जांबोटीकडे मागे फिरायचं. रात्रीच्या पावसात घाटात हेडलाइट विझले तर काय होतं ते त्या वळणांवरून गेलेल्याला सांगायला नको. हायवेवर असाल तर हत्तरगी, यमकनमर्डी, काकती, जे जवळ असेल ते.

किल्ली फिरवली तरी बॅटरीचा दिवा लागतच नाही. चांगलंच आहे ना?

नाही. इंजिन बंद असताना किल्ली ऑन केली की तो दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. कित्येक जुन्या गाड्यांत डायनामोला जागं करणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की डायनामो झोपूनच राहतो, किंवा खूप रेस दिल्यावर कधीतरी उठतो. एकाने रात्री डोळ्यात येतो म्हणून बल्बच काढून टाकला होता आणि वर्षभर बॅटरीला दोष देत होता. किल्ली ऑन केल्यावर तो दिवा येतो का, एवढं रोज बघायची सवय लावून घ्या. इंजिन चालू असताना दिवा पूर्ण न विझता मिणमिणत राहिला तर डायनामोतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा तारेतला ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणारं व्होल्टेज, शोधावा लागतो.

नवी बॅटरी टाकली तरी महिन्याभरात तेच. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, म्हणून सविस्तर सांगतो.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची एक डिझेल गाडी आली. चार महिन्यांत दोन बॅटऱ्या बदललेल्या, दोन्ही पावत्या ग्लोव्ह बॉक्समध्ये. मालक शाळामास्तर. म्हणाले, "मिस्त्री, तिसरी टाका म्हणू नका तेवढं." आधीच्या दुकानात डायनामो काढून बेंचवर लावून बघितला होता आणि तो चांगला निघाला होता. निदान खोटं नव्हतं, डायनामो चांगलाच होता.

इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मीटर डायनामोच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि डायनामोच्याच बॉडीवर धरला. 14.4 व्होल्ट. तोच मीटर बॅटरीवर धरला तर 13.1. मधले 1.3 व्होल्ट कुठेतरी वाटेत मरत होते. मग एक टोक डायनामोच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर. 0.1, म्हणजे प्लसची तार चांगली. नंतर एक टोक डायनामोच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. 1.2. सापडलं. अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट.

गाडी वर घेतली. गिअरबॉक्सवरून चॅसीला जाणारी विणलेली अर्थिंगची पट्टी तांबड्या चिखलाने लिंपलेली होती. चिखल खरवडला तर खाली तांबं हिरवंगार. टोकाच्या लगपाशी (बोल्टला बसणाऱ्या कडीपाशी) बोटाने जरा वाकवली आणि पट्टी तुटून हातात आली. आठ-दहा बारीक तारा तेवढ्या धरून होत्या. सगळ्या इंजिनाचा करंट त्या आठ-दहा तारांतून परत येत होता. दोन्ही बाजूंचा धातू वायर ब्रशने पांढरा होईपर्यंत घासला, नवी जाड पट्टी बसवली, वर ग्रीस लावलं. बॅटरीवर 14.3. तीच दुसरी बॅटरी चार्जरवर रात्रभर लावली आणि ती आजही त्या गाडीत आहे.

आपल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात, खानापूरपासून कणकुंबीपर्यंत, पाऊस आणि तांबडी माती गाडीच्या पोटाखाली चार महिने चिकटून असते. तिथल्या गाडीचं अर्थिंग मी बॅटरीच्या आधी बघतो. प्लसच्या बाजूला 0.2 ते 0.3 च्या वर आणि अर्थिंगच्या बाजूला 0.2 च्या वर ड्रॉप आला तर जोड उघडून साफ करायचा. आणि खुंटीवर मोजा, क्लॅम्पवर नको, हे मघाशी याचसाठी म्हटलं. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येही असाच ड्रॉप लपतो, आणि क्लॅम्पवर टोक ठेवलं तर तो दिसत नाही. मोजताना सदऱ्याच्या बाह्या, ओढणी आणि मीटरच्या तारा फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते. काय करू?

आधी मायनस, मग प्लस काढा. खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ब्रशने धुवा, पाणी सेलच्या बुचांत जाऊ देऊ नका. कोरडं करून आधी प्लस, शेवटी मायनस घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. पुन्हा पुन्हा येत असेल तर बॅटरी जास्त चार्ज होतेय का ते मोजा.

गाडी पंधरा दिवस उभी होती आणि बॅटरी बसली. मुलगा पुण्याला असतो, गाडी दारात उभीच राहते.

उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, ईसीयूची मेमरी थोडा करंट घेत राहतात. चांगल्या गाडीत तो 50 मिलिअँपिअरच्या आत असतो. हिशेब करा. 50 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर, वीस दिवसांत 24, म्हणजे 45 ची बॅटरी निम्म्याहून खाली. यात बिघाड काहीच नाही. अशा गाडीचं मायनस टर्मिनल काढून ठेवा, किंवा आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास चालवून आणा. दारात पाच मिनिटं रेस देऊन उपयोग होत नाही.

गाडी दोन-तीन दिवसांत बसत असेल तर मात्र चोर शोधायला हवा. 300 मिलिअँपिअर गळत असतील तर दिवसाला 7 अँपिअर-अवर जातात. चिंचलीच्या किंवा सौंदत्तीच्या जत्रेला गाडी दोन रात्री उभी राहिली आणि निघताना सेल्फ घेईना, हे फोन मला दरवर्षी येतात.

शोधायची रीत अशी. मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून मायनसची खुंटी आणि काढलेली मायनस तार यांच्यामध्ये जोडा. बॉनेटचं आणि दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून गाडीला दार बंद असल्याचं भासवा. किल्ली लांब ठेवा. नव्या गाड्यांचे ईसीयू झोपायला वीस ते चाळीस मिनिटं घेतात, तोवर आकडा मोठाच दिसतो, तेव्हा घाई करू नका. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल त्या वाटेवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. बाहेरून बसवलेला टेप, जीपीएस, डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे गुन्हेगार. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर डायनामोचा डायोड बघा. गाडी तीन-चार तास उभी राहून इंजिन गार झालं तरी डायनामो हाताला कोमट लागत असेल तर डायोड गेलाच.

भाताच्या सुगीत आणि उसाच्या हंगामात उंदीर बॉनेटमध्ये घर करतात. तारांचं आवरण कुरतडलेलं दिसतंय का, तेही बघून घ्या.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि गाडी बंद पडली नाही, तर डायनामो चांगला. बरोबर ना?

कृपा करून हे करू नका. मी शिकाऊ असताना आम्हाला हीच परीक्षा शिकवली होती, आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ती बरेचदा निभावून जायची. नंतर एका इंजेक्शनच्या गाडीवर मी स्वतः चालू इंजिनावर टर्मिनल काढलं. डॅशबोर्ड एकदा लख्ख उजळला आणि सगळं विझलं. ईसीयू गेला. गिऱ्हाईक भाजी विकून पोट भरणारा माणूस होता. त्याची भरपाई मी सहा महिने हप्त्याहप्त्याने केली. बॅटरी ही गाडीतली उशी असते. ती एकदम काढली की डायनामोचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि वाटेतलं इलेक्ट्रॉनिक्स जाळतं. आजही कुणी माझ्यासमोर चालू गाडीच्या टर्मिनलला पाना लावला तर मी त्याचा हात धरतो.

जंपर केबल लावायचा क्रम कोणता?

दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्या आहेत याची खात्री करा. ट्रकच्या 24 व्होल्टवरून कार सुरू करू नका. गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि त्याचं दुसरं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून ती ठिणगी लांब पडू द्यायची. मदतीची गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर जंपर लावूच नका.

धक्का मारून सुरू केली आणि कोल्हापूरपर्यंत जाऊन आलो. आता बॅटरी भरली असेल ना?

थोडी भरली असेल, पूर्ण नाही. एकदम रिकामी झालेली बॅटरी करंट हळूहळूच घेते आणि तेवढा वेळ डायनामोला पूर्ण ताकदीने तापत राहावं लागतं. बाहेर काढून चार्जरवर लावणं डायनामोच्याही हिताचं. 35 ची बॅटरी असेल तर साधारण साडेतीन अँपिअरवर, रात्रभर. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून काही होत नाही.

पावसात सकाळी बॉनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो, मग थांबतो.

बेल्ट घसरतोय. ढिला, गुळगुळीत झालेला किंवा तडे गेलेला असेल. घसरणारा बेल्ट डायनामोला पुरेसा फिरवत नाही आणि नेमकं तेव्हाच हेडलाइट, वायपर, डिफॉगर सगळं चालू असतं. बेल्टवर पावडर किंवा साबण लावून आवाज बंद करू नका, बेल्ट बदला. आवाज घरघर असा आणि सतत असेल तर बेरिंग.

थंडीतच बॅटरी का बसते?

कारण ती उन्हाळ्यात मेलेली असते. अथणी, रायबाग, गोकाककडे एप्रिल-मेचं ऊन बॅटरीचं आयुष्य खातं. आतलं पाणी उडतं, पट्ट्या झिजतात. तरी उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, म्हणून कळत नाही. मग डिसेंबरात बेळगावात गारठा पडतो, इंजिन ऑइल घट्ट होतं, गार बॅटरीची ताकद आणखी उतरते, आणि एका सकाळी ती हात वर करते. तीन वर्षं झालेली बॅटरी असेल तर दिवाळीच्या आधी सेल्फ मारताना एकदा मोजून घ्या.

व्होल्टेज 15 च्या वर जातं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

डायनामोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. गाडी चालवू नका, बॅटरी गार होऊ द्या, जवळ विडी-काडी नको. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा. डोळ्यात गेलं तर धुवून सरळ दवाखाना.

माझी गाडी नवी आहे. चालताना मीटर कधी 12.7 दाखवतो, कधी 14.6. बिघाड आहे का?

बहुधा नाही. नव्या गाड्यांत चार्जिंग किती द्यायचं ते ईसीयू ठरवतो. बॅटरी भरलेली असली की इंधन वाचवायला चार्जिंग उतरवतो आणि ब्रेक लावताना वाढवतो. हेडलाइट आणि पंखा लावून बघा, आकडा चढला तर ठीक आहे. अशा गाडीत मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, तेव्हा जंपरचा काळा चिमटा त्यावर लावू नका. आणि इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी टाका. स्वस्तातली साधी लवकर बसते.

जास्तीचे दिवे आणि मोठा टेप लावलाय. डायनामोला झेपेल का?

बेरीज करा. हेडलाइट 9-10 अँपिअर, एसीचा पंखा 12-15, डिफॉगर 10-12, रेडिएटरचा पंखा 10-15, पंप आणि ईसीयू 10 च्या आसपास. झाले 50 ते 60. तुमच्या डायनामोवर 80 लिहिलंय ते पूर्ण वेगाचं. सिग्नलला उभ्या गाडीत तो त्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. त्यावर मोठा अँप्लिफायर आला की उरलेलं बॅटरीतून जातं. दिवे लावायचेच असतील तर वेगळा रिले आणि फ्यूज घालून लावा, हेडलाइटच्या तारेला टाचून नको.

पुरात गाडी बुडाली होती.

किल्ली फिरवू नका. आधी मायनस टर्मिनल काढा आणि टोचन करून आणा. 2019 च्या महापुरानंतर वेदगंगा, दूधगंगा, कृष्णाकाठच्या बुडालेल्या गाड्यांत हेच दिसलं: सुरू करून न बघितलेल्या गाडीचा डायनामो उघडून, धुऊन, सुकवून, बेरिंग-कार्बन बदलून उभा राहतो.

डायनामो रिपेअर करू की नवा टाकू?

कार्बन ब्रश झिजलेत, रेग्युलेटर गेलाय, बेरिंग वाजतंय, डायोड प्लेट गेलीय, तर रिपेअर. स्टेटरची (आतल्या स्थिर भागाची) वाइंडिंग काळी पडून जळकट वास येत असेल, किंवा रोटरच्या (फिरत्या भागाच्या) रिंगांवर खोल चर पडले असतील, तर खर्चाचा अंदाज घेऊन मगच ठरवा. काढलेले भाग मागून घ्या आणि बसवल्यावर बॅटरीवरचा आकडा तुमच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवायला सांगा.

इलेक्ट्रिक गाडी घेतली. हे सगळं संपलं ना?

डायनामो संपला, 12 व्होल्टची छोटी बॅटरी त्यातही असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. मात्र केशरी रंगाच्या तारांना हात लावायचा नाही, ते काम शिकलेल्या माणसाचंच.

दुकानात येताना काय सांगू?

बॅटरी कधी टाकली, दिवा कधी लागतो, गाडी किती वेळ उभी राहिली की बसते, आणि बिघाडाच्या आधीच्या आठवड्यात गाडीत काय काम झालं. शेवटचं नक्की सांगा. पुष्कळदा क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम करताना काढलेली अर्थिंगची पट्टी परत लावायची राहून गेलेली असते.